लॉनखालच्या काळ्या मातीला वाळू नको
‘काळी माती चिकट आहे ना, मग नव्या लॉनवर वाळू पसरा, भुसभुशीत होईल’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. चिकण मातीचे कण इतके बारीक असतात, की थोडी वाळू त्यांच्यात नुसती रुतून बसते. पोकळी वाढत नाही. फरक पडायला निम्म्याहून जास्त वाळू लागते. तेवढी अंथरलेल्या गवताखाली घालणार कशी?

माती सुटी होते ती सेंद्रिय खताने. आधी अंथरलेल्या तयार गवताच्या एखाद्या तुकड्याचा कोपरा हलकेच उचलून बघा. मुळांनी जमीन धरली असेल, तर तो उचलला जाणार नाही. मगच ओलसर मातीत सळईने चार-चार बोटांवर भोकं पाडा आणि चाळलेलं, पूर्ण कुजलेलं कंपोस्ट अर्धा सेंटिमीटर पसरून झाडूने भोकांत लोटा. पाती वर दिसलीच पाहिजेत. कच्चं शेणखत मात्र नको, त्यातून तण येतं.