नमुना, नक्कल आणि मधला फोटो

संग्रहालयातल्या वस्तू पाहून आपली वस्तू घडवणाऱ्या आजच्या कारागिरांच्या कामाखाली हल्ली ‘प्रेरित’ अशी पाटी असते. शब्द सभ्य आहे. मूळ व्यवहार इतका लाजरा नव्हता.

लंडनमधल्या १८५१च्या मोठ्या औद्योगिक प्रदर्शनानंतर वर्षभरात तिथंच निघालेलं संग्रहालय कारखानदार-कारागिरांना नमुने दाखवण्यासाठीच होतं. १८६६ मध्ये भारतीय कापडाचे ७०० तुकडे १८ खंडांत लावून त्यांचे २० संच तयार झाले. प्रत्येक संच म्हणजे एक संग्रहालयच, असं संकलकाचं म्हणणं. १३ संच ब्रिटनमध्ये राहिले, ७ भारतात आले. भारतीय गिऱ्हाइकाला काय रुचतं ते ब्रिटिश गिरण्यांना कळावं, हा हेतू होता. याला प्रेरणा म्हणायचं की सरळ उचल, हे ज्यानं त्यानं ठरवावं; विणकरांना कुणी विचारलं नव्हतं. पुढच्याच वर्षी युरोपातल्या १५ राजपुत्रांनी कलावस्तूंचे साचे आणि प्रतिकृती देशोदेशीच्या संग्रहालयांना मिळाव्यात म्हणून करार केला.

नक्कल करतानाही शोध लागतो, हे सोनारांना ठाऊक आहे. प्राचीन इटलीतल्या एट्रुस्कन लोकांच्या दागिन्यांवरचे बारीक सोन्याचे रवे १९व्या शतकातल्या रोमच्या सोनारांना हुबेहूब जमले नाहीत. तांब्याचा क्षार आणि डिंकासारखा चिकट पदार्थ वापरून ते जोडण्याची युक्ती १९३०च्या दशकात सापडली.

आताचा वाद मात्र वस्तूपेक्षा तिच्या फोटोवर आहे. घडा दोन हजार वर्षांचा, त्यावर कुणाचा हक्क उरलेला नाही. पण त्याचा फोटो? १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयानं म्हटलं की, स्वामित्वहक्क संपलेल्या चित्राच्या जशाच्या तशा फोटोला नवा हक्क मिळत नाही. चित्र सपाट असतं. घड्याचा फोटो काढताना प्रकाश, कोन निवडावा लागतो, म्हणून तो निकाल कारागिरांच्या फारसा कामी आला नाही. युरोपीय संघानं २०१९च्या निर्देशात हक्काची मुदत संपलेल्या दृश्यकलाकृतींच्या प्रतींनाही, त्यात स्वतंत्र सर्जन नसेल तर, हक्क नाकारला. पण कोन निवडणं हे सर्जन की नाही, हा प्रश्न तिथंही उरतोच. त्याआधी २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोठ्या संग्रहालयानं पावणेचार लाख प्रतिमा खुल्या केल्या होत्या. उत्तम निर्णय. तरी फोटोत घड्याचं वजन आणि आतून फिरलेली बोटं दिसत नाहीत. त्यासाठी संग्रहालयाच्या कोठाराचं दार ठोठावावंच लागतं.