हार्ड डिस्कमधील बिघाड : निदान आणि दुरुस्ती

हार्ड डिस्क बिघडू लागल्याची लक्षणे ओळखून दोष नेमका कोठे आहे ते ठरवणे आणि ती पुरती बंद पडण्याआधी तिच्यावरचा डेटा बाहेर काढणे, असे हे दुपदरी काम आहे. मिक्सर दुरुस्त करून पुन्हा ओट्यावर आणतात, तसे हार्ड डिस्कचे सहसा करत नाहीत. डेटा दुसऱ्या डिस्कवर उतरेपर्यंत तिने तग धरावा एवढ्यापुरतीच दुरुस्ती होते. मग ती डिस्क भंगारात. म्हणून या कामात आधी प्रत आणि मग तपासण्या हा क्रम पाळावा लागतो. घरोघरी नेमके उलटे घडते. डिस्क अडखळू लागली की लोक रात्रभर स्कॅन लावून ठेवतात आणि उरलेसुरले हेड, म्हणजे तबकडीवरचा डेटा वाचणारा भाग, त्या स्कॅनमध्येच जाते.

आयबीएमने १९५६ साली आणलेल्या रॅमॅक संगणकाच्या डिस्कमध्ये २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर ५० लाख अक्षरे मावत. आजच्या बहुतेक डिस्कमध्ये तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात आणि वाचन-लेखन करणारे हेड त्यांच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगते. माणसाचा केस साधारण ७०-८० हजार नॅनोमीटर जाड असतो. धुळीचा एखादा कण आत काय करू शकेल, याचा अंदाज यावरून यावा. डिस्कच्या आत निर्वात पोकळी असते असे अनेकांना वाटते, ते खरे नाही. हेड तरंगते तेच मुळी हवेच्या पातळ थरावर. त्यासाठी पेटीला गाळणी लावलेले बारीक छिद्र असते आणि ते बुजवू नये अशी सूचना बऱ्याच डिस्कवर छापलेली असते. २०१३ पासून बाजारात आलेल्या हेलियमभरल्या डिस्क मात्र पूर्ण सीलबंद असतात.

डिस्कला चालवणारे फर्मवेअर, म्हणजे तिच्यातच बसवलेला प्रोग्राम, थोडे सर्किट बोर्डवरच्या चिपमध्ये आणि बरेचसे तबकडीवरच्या राखीव भागात असते. खराब सेक्टरांच्या, म्हणजे तबकडीवरच्या न वाचता येणाऱ्या छोट्या कप्प्यांच्या, याद्याही तेथेच असतात. हा राखीव भाग वाचता आला नाही, तर डेटा जागच्या जागी असूनही डिस्क संगणकाला दिसत नाही, किंवा दिसली तरी क्षमता शून्य दाखवते.

जाणता कारागीर आधी कान देतो. मोटर फिरते, हेड जागेवरून निघाल्याची बारीक टक् येते आणि मग संथ घरघर राहते, हे निरोगी लक्षण. ठरावीक लयीत टक्-टक् होऊन मोटर थांबली, तर हेडला तबकडीवरच्या मार्गदर्शक खुणा सापडत नाहीत असे समजावे. दोष बहुधा हेडचा, क्वचित बोर्डाचा किंवा फर्मवेअरचा. बारीक बीप येते आणि तबकड्या फिरत नाहीत, तेव्हा हेड तबकडीला चिकटलेले असते किंवा मोटर जाम झालेली असते. हातातून पडलेल्या पोर्टेबल डिस्कमध्ये हा प्रकार हमखास दिसतो. अजिबात आवाज नसेल तर संशय बोर्डावर किंवा वीजपुरवठ्यावर. टक्-टक् करणारी डिस्क ‘एकदा लावून बघू’ म्हणत पुन्हा पुन्हा चालू करण्याइतका महागडा प्रयोग दुसरा नाही. तुटके हेड प्रत्येक फेऱ्याला चुंबकीय थर खरवडते, आणि खरवडून धूळ झालेला थर कोणत्याही प्रयोगशाळेला परत आणता येत नाही.

डिस्क दिसते पण फाइल उघडायला मिनिटे लागतात, संगणक मध्येच गोठतो, अशा वेळी डिस्कची स्वतःची नोंदवही वाचतात. तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. आयबीएमने १९९२ मध्ये आपल्या मोठ्या यंत्रणांसाठी अशी पूर्वसूचना देणारी सोय आणली. पुढे कॉम्पॅकने डिस्क-उत्पादकांना सोबत घेऊन तयार केलेली पद्धत १९९५ मध्ये मानकीकरणासाठी मांडली गेली. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो आणि लिनक्सवर स्मार्टसीटीएल हे प्रोग्राम ही नोंद दाखवतात. तिच्यात डझनावारी ओळी असल्या तरी पाहायच्या त्या तीन-चारच. क्रमांक ५ म्हणजे खराब ठरवून राखीव जागेत हलवलेले सेक्टर. १९७ म्हणजे वाचता न आल्याने निकालाची वाट पाहणारे. त्या जागी नवे लिहिले गेले की सहसा ते सुधारतात किंवा बाद होतात. १९८ म्हणजे डिस्कने स्वतःच्या तपासणीत न वाचता आलेले. यांतला आकडा रोज वाढत असेल तर तो केवढा आहे याला महत्त्व नाही, प्रत घ्यायला बसावे. क्रमांक १९९, म्हणजे डिस्क आणि संगणक यांच्यातल्या देवाणघेवाणीत झालेल्या चुका, मात्र वेगळा : तो वाढत असेल आणि बाकीचे शून्य असतील, तर दोष बहुधा डिस्कमध्ये नसून केबलमध्ये असतो. नवी डिस्क घेण्याआधी साटा केबल (डिस्क संगणकाला जोडणारी तार) बदलून पाहणे म्हणूनच शहाणपणाचे.

याच नोंदीवर शेवटी येणारा ‘ठीक’ असा शेरा फारसा विश्वासार्ह नाही. उत्पादकांनी आखलेल्या मर्यादा इतक्या सैल असतात की शेकडो खराब सेक्टर असलेली डिस्कही उत्तीर्ण होते. २००७ मध्ये गूगलच्या पिन्हेरो, वेबर आणि बारोसो यांनी आपल्याकडच्या लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्कॅनमध्ये पहिला दोष दिसल्यानंतर ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट होती. पण बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कच्या नोंदीत चार प्रमुख लक्षणांपैकी एकही उमटले नव्हते. थोडक्यात, आकडा वाईट असेल तर त्यावर विश्वास ठेवावा, चांगला असेल तर बॅकअपवर.

प्रत घेताना फाइली ओढून टाकत बसू नये. साधी कॉपी खराब सेक्टरवर अडते आणि तेथेच डोके आपटत राहते. डीडीरेस्क्यूसारखे साधन संपूर्ण डिस्कची सेक्टरवार प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत, तितक्याच किंवा मोठ्या डिस्कवर उतरवते. पहिल्या फेरीत ते सहज वाचता येणारा भाग उचलते आणि खड्डा लागला की लांब उडी मारून पुढे जाते. मग उलट दिशेने येऊन त्या खड्ड्यांच्या कडा कुरतडते, आणि सर्वांत शेवटी एकेका सेक्टरशी झटते. हेड कधीही जाऊ शकते, तेव्हा निरोगी भाग आधी हाती लागावा असा यामागचा हिशेब. कोणता भाग आला, कोणता राहिला हे एका नकाशा-फाइलमध्ये लिहिले जाते. मध्येच वीज गेली तरी काम तेथून पुढे सुरू होते. फाइली शोधण्याचे काम नंतर प्रतिमेवर करतात. आजारी डिस्कवर विंडोजची चेकडिस्क ही डिस्क-दुरुस्तीची सोय चालवू नये, कारण ती त्याच डिस्कवर लिहिते आणि नीट वाचता न आलेल्या फोल्डरांची मोडतोड करू शकते. डिस्क जोडताच ‘फॉरमॅट करायचे का?’ असा प्रश्न आला तर उत्तर नाही.

बोर्डाचे बिघाड त्या मानाने सोपे. बाहेरच्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो. टेबलावर पडलेला लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर त्याच भोकात बसला की बोर्डावरचा संरक्षक डायोड स्वतः शॉर्ट होऊन पुढचा मार वाचवतो. मल्टिमीटरने तो ओळखून काढून टाकला की पुष्कळदा डिस्क फिरू लागते, पण आता संरक्षणाविना, म्हणून लगेच प्रत घ्यायची. दमट हवेत बोर्डाच्या खालच्या बाजूची, हेडशी जोडणारी ठिकाणे काळी पडतात. बोर्ड सोडवून ती खोडरबरने अलगद पुसल्यावर जिवंत झालेल्या डिस्कही असतात. त्याच मॉडेलचा दुसरा बोर्ड लावून भागत असे, तो काळ मागे पडला. प्रत्येक डिस्कच्या हेडांनुसार जुळवलेल्या मापांची नोंद बोर्डावरच्या छोट्या चिपमध्ये असते, आणि ती चिप जुन्या बोर्डावरून काढून नव्यावर डकवावी लागते.

फर्मवेअरच्या बिघाडाचे गाजलेले उदाहरण सीगेटच्या बाराकुडा ७२००.११ या मालिकेचे. २००८-०९ च्या सुमारास यातल्या चांगल्या चालणाऱ्या डिस्क एखाद्या सकाळी अचानक दिसेनाशा होत. अंतर्गत नोंदींचा गणक विशिष्ट आकड्यावर असताना डिस्क सुरू झाली की फर्मवेअर अडकून पडे. तबकड्या, हेड, डेटा सगळे शाबूत. लोकांनी बोर्ड आणि डिस्क यांच्यातल्या जोडणीत कागदाचा तुकडा सरकवून, सिरियल केबलने संगणकाच्या टर्मिनलवरून आज्ञा देऊन त्या उठवल्या. कंपनीने जानेवारी २००९ मध्ये नवे फर्मवेअर दिले, पण आधीच अडकलेल्या डिस्कना त्याचा उपयोग नव्हता.

हेड बदलायचे तर डिस्क उघडावी लागते, आणि ती घरी उघडायची गोष्ट नव्हे. त्यासाठी गाळलेल्या हवेची स्वच्छ खोली लागते आणि ‘डोनर’ डिस्कही : तेच मॉडेल, हेडांची तीच मांडणी, शक्यतो त्याच सुमाराचे उत्पादन. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये जुन्या डिस्क धुंडाळणाऱ्यांत असे डोनर शोधणारेही असतात. बदललेले हेड फार काळ टिकेल याचा भरवसा नसतो.

डिस्क फ्रीझरमध्ये ठेवण्याचा उपाय अजून सांगितला जातो. जुन्या पिढीतल्या काही डिस्कना त्याने घटकाभर जीव आला असेल, पण बाहेर काढल्यावर तबकडीवर दव धरते आणि होते नव्हते तेही जाते. ‘लो-लेव्हल फॉरमॅट’ने बॅड सेक्टर बरे करण्याचा दावाही तसाच. आजच्या डिस्कवर अशी सॉफ्टवेअर शून्ये लिहितात, डेटा पुसतात आणि मेलेला सेक्टर मेलेलाच राहतो.

कितपत मार खाऊन डेटा टिकतो याचे टोक २००३ मधील कोलंबिया अवकाशयानाच्या दुर्घटनेत दिसले. अवशेषांत सापडलेली एक डिस्क बाहेरून वितळल्यासारखी झाली होती, सील जळून आत माती गेली होती. तबकड्या मात्र बचावल्या होत्या. क्रोल ऑनट्रॅक या संस्थेने त्या स्वच्छ करून नव्या डिस्कच्या सांगाड्यात बसवल्या आणि झेनॉन वायूवरील प्रयोगाचा सुमारे ९९ टक्के डेटा मिळवला. प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले.

एसएसडीला, म्हणजे तबकड्यांऐवजी चिपमध्ये डेटा ठेवणाऱ्या डिस्कला, यातले बरेचसे लागू पडत नाही. तिला आवाज नाही, हेड नाही. कंट्रोलर, म्हणजे तिला चालवणारी चिप, गेला की ती कुरकुर न करता नाहीशी होते. शिवाय ट्रिम (पुसलेल्या जागा कोणत्या हे एसएसडीला कळवणारी सोय) चालू असेल तर पुसलेल्या फाइलींच्या जागा ती स्वतःच मोकळ्या करते, त्यामुळे चुकून काही पुसले गेले असेल तर तिचा वीजपुरवठा ताबडतोब तोडणे हाच पहिला उपाय.