रंगीत जमिनीवरची पांढरी अक्षरे

पुण्याच्या पेठांमधील छापखान्यांत ‘हा मजकूर रिव्हर्समध्ये घ्या’ ही सूचना नेहमी कानावर पडते. गडद रंगाच्या जमिनीवर, म्हणजे पार्श्वभूमीवर, पांढरी किंवा फिकट अक्षरे हवीत, असा तिचा अर्थ. मात्र ऑफसेटच्या (प्लेटवरची शाई आधी रबरावर व तिथून कागदावर उतरवणाऱ्या छपाईच्या) सायन म्हणजे निळसर, मजेंटा म्हणजे गडद गुलाबी, पिवळा आणि काळा या नेहमीच्या चार शायांत पांढरी शाई नसते. पांढरे अक्षर छापले जात नाही. भोवतीचा रंग छापला जातो आणि अक्षराच्या जागी कागद कोरा राखला जातो. (गडद कार्डावर दाट पांढरी किंवा सोनेरी शाई चढवणारे स्क्रीन प्रिंटिंग हे वेगळे तंत्र आहे.) ही कोरी जागा राखण्याचे काम छपाईच्या प्रत्येक तंत्राबरोबर वेगळ्या माणसाकडे गेले, आणि आजच्या फायलींतील अनेक चुका या हस्तांतरातच रुजल्या आहेत.

खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, छपाईत अक्षर उठावाचे असते व शाई उठावालाच लागते. त्यामुळे खिळे जुळवणारा जुळारी कितीही कुशल असला, तरी नेहमीच्या खिळ्यांतून पांढरे अक्षर निघत नसे. त्यासाठी लाकडात अक्षर खोदावे लागे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छायाचित्रणाच्या साहाय्याने जस्ताचे ब्लॉक होऊ लागले, तेव्हा हे खोदकाम आम्लाकडे गेले.

शिळाछापाने मात्र निराळा मार्ग दाखवला. आलोइस झेनेफेल्डर याने १७९६ च्या सुमारास शोधलेल्या या तंत्राचा आधार तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत हा आहे. दगडावर डिंकाच्या पाण्याने अक्षर उलटे लिहायचे, ते वाळू द्यायचे आणि मग भोवतीच्या भागावर तेलकट शाई चढवायची. डिंकाखालचा दगड शाई धरत नसे आणि अक्षर आपोआप कोरे राही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये पुण्यात सुरू झालेली चित्रशाळा याच शिळाछापाच्या चित्रांसाठी नावाजली गेली. रंगीत शिळाछापात प्रत्येक रंगाला स्वतंत्र दगड लागे. म्हणजेच एकच कोरी जागा प्रत्येक दगडावर तंतोतंत त्याच ठिकाणी राखणे भाग होते, आणि आज ज्याला आपण रजिस्ट्रेशन म्हणतो त्याची खरी कसोटी तिथून सुरू झाली.

अमेरिकेत आयरा रुबेल याने १९०४ मध्ये कागदावरील ऑफसेट छपाई साधली. दगडाची जागा धातूच्या पातळ प्लेटने घेतली, पण अडचण तीच राहिली. पॉइंट हे अक्षरांचे माप. अर्ध्या पॉइंटची रेघ म्हणजे सुमारे ०.१८ मिलिमीटर. एखादी प्लेट ०.१ मिलिमीटर सरकली, तरी निम्म्याहून अधिक रेघ त्या रंगाखाली जाते. शिवाय शाई कागदावर थोडी पसरतेच. त्या पसरण्याने काळे अक्षर जाड होते, तर पांढरे अक्षर चहूबाजूंनी बुजत जाते. देवनागरीला हा मार अधिक बसतो, कारण तिच्या परंपरागत वळणात बोरूच्या जाड रेघेशेजारीच अगदी बारीक रेघ येते, आणि अनुस्वार, रफार, जोडाक्षरांतील पोकळ्या मुळातच लहान असतात.

मजकुराची फिल्म काढून तिच्यावरून प्लेट करण्याच्या काळात कॅमेरामन आणि पेस्टिंग करणारा, म्हणजे मजकूर चिकटवून पान मांडणारा, कारागीर ही काळजी घेत असे. रिव्हर्स काढणे म्हणजे तेव्हा पॉझिटिव्हवरून निगेटिव्ह करणे, आणि बारीक अक्षर टिकणार नाही हे त्याला भिंगाखाली दिसे. १९८४ मध्ये पोस्टस्क्रिप्ट ही छपाईच्या पानाचे वर्णन करणारी संगणकीय भाषा व १९८५ मध्ये पेजमेकर हे पान मांडण्याचे सॉफ्टवेअर आले. १९८८ मध्ये पुण्यात भारतीय भाषांच्या संगणकीकरणावरही काम करणारी सी-डॅक ही सरकारी संस्था स्थापन झाली. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेक कंपनीच्या श्रीलिपी या सॉफ्टवेअरने मराठी अक्षरजुळणी संगणकावर रुळवली. डीटीपी ऑपरेटर, म्हणजे संगणकावर पान जुळवणारा, एका क्लिकमध्ये अक्षर पांढरे करू लागला, पण कॅमेरामनची नजर त्या क्लिकबरोबर आली नाही.

याच टप्प्यावर एक नवी चूक जन्माला आली. काळा मजकूर रंगीत जमिनीवर थेट चढवण्याची, म्हणजे ओव्हरप्रिंटची, खूण लावणे योग्यच असते. त्यामुळे कडेला पांढरी फट राहत नाही. तोच मजकूर नंतर पांढरा केला आणि खूण तशीच राहिली, तर जमिनीत जागा कोरलीच जात नाही. पडद्यावर अक्षरे दिसतात, प्लेटवर नसतात. म्हणून पीडीएफ ओव्हरप्रिंट प्रीव्ह्यू, म्हणजे शाया एकमेकींवर चढल्यावर काय दिसेल ते दाखवणारी सोय, चालू करून पाहणे आवश्यक ठरते.

लग्नपत्रिकेच्या एका कामात मी स्वतः मरून (तपकिरी-लाल) रंगाच्या जमिनीवर आठ पॉइंटचा बारीक वळणाचा मजकूर पांढरा ठेवला होता. छापील कागदावर भिंग धरले, तेव्हा अनुस्वारात मजेंटा भरलेला होता आणि ‘वंदन’चे ‘वदन’ झाले होते. शिरोरेखेच्या वरच्या कडेला गुलाबी झालर होती. पाचशे प्रती रद्द झाल्या. दुसऱ्या वेळी छापखान्याने मरून रंग चार शायांतून न साधता एकाच खास शाईत घेतला, त्यामुळे प्लेट सरकण्याचा प्रश्नच उरला नाही. मी वळण एकसारख्या जाडीचे व ठळक निवडले, आकार दहा पॉइंट केला आणि अक्षरांमधले अंतर किंचित वाढवले. मजकूर पिवळा चालणार असेल, तर चार शायांतही सोय होते: पिवळी शाई अक्षराखालून सलग जाऊ देता येते, आणि मग मुख्यतः मजेंटा व काळ्या प्लेटचीच कड जुळवावी लागते.