विजेता तगडा की कॉन्फरन्स तगडी?

कॅनडाच्या विद्यापीठ फुटबॉलबद्दल बोलणं निघालं की एक वाक्य हमखास येतं: ‘क्युबेकची कॉन्फरन्स सगळ्यात भारी.’ (कॉन्फरन्स म्हणजे एकेका प्रदेशातल्या विद्यापीठ संघांचा गट.) या वाक्यात खरं तर दोन दावे आहेत. एक, क्युबेकचा विजेता सगळ्यात भारी असतो. दोन, क्युबेकचे सगळे संघ मिळून इतरांपेक्षा भारी आहेत. पहिला दावा आकड्यांनी सिद्ध करता येतो. दुसरा सिद्ध करायला लागणारे सामने फारसे खेळलेच जात नाहीत. आपल्याकडे रणजी करंडक मुंबईने ४२ वेळा नेला म्हणून अख्खा पश्चिम विभाग बलाढ्य असं कोणी म्हणत नाही, पण कॅनडात ही गल्लत सर्रास होते.

आधी एक खुलासा. हे फुटबॉल म्हणजे सॉकर नव्हे आणि अमेरिकन फुटबॉलही नव्हे. मैदान ११० यार्डांचं, एका बाजूला १२ खेळाडू, आणि दहा यार्ड पुढे जायला अमेरिकेतल्या चारऐवजी तीनच प्रयत्न. २०२४ च्या मोसमात यात २७ संघ होते: ऑन्टॅरिओच्या ओयूएमध्ये ११, पश्चिमेच्या कॅनडा वेस्टमध्ये ६, क्युबेकच्या आरएसईक्यूमध्ये ५ आणि अटलांटिक किनाऱ्याच्या एयूएसमध्ये ५. प्रत्येक कॉन्फरन्सचा स्वतःचा करंडक आहे. ओयूएचा येट्स कप, पश्चिमेचा हार्डी कप, क्युबेकचा डन्समोर कप, अटलांटिकचा लोनी बोल. चार विजेते युटेक बोल आणि मिचेल बोल या उपांत्य सामन्यांत भिडतात आणि त्यातून उरलेले दोघे व्हॅनिए कप, म्हणजे राष्ट्रीय अंतिम सामना, खेळतात.

म्हणजे आपापल्या कॉन्फरन्सबाहेरच्या संघाशी वर्षभरात खरे सामने होतात तीन. दहा मोसमांचे धरले तरी तीस. आणि त्यातही खेळतात ते चार विजेतेच. ओयूएचा सातवा संघ आणि आरएसईक्यूचा तिसरा संघ यांत सरस कोण, हे ठरवणारा सामना वेळापत्रकात नाहीच. मोसमाआधी काही सराव सामने होतात, पण त्यांत पहिली फळी अर्ध्या वेळेनंतर बाकावर बसते आणि नवी पोरं तपासली जातात. तो निकाल पुरावा म्हणून मांडणाऱ्याकडे थोडं संशयानेच बघावं.

गुणतक्ता तर याबाबतीत पूर्ण मुका. प्रत्येक संघ आठ साखळी सामने खेळतो आणि ते सगळे घरातल्या घरात. आरएसईक्यूचे पाच संघ मिळून २० सामने खेळतात, त्यात २० विजय आणि २० पराभव. ओयूएमध्ये ४४ सामने, ४४ विजय, ४४ पराभव. कॉन्फरन्स कितीही मजबूत किंवा कितीही दुबळी असो, सरासरी निम्म्यावरच येणार. त्यामुळे ‘आमच्याकडे चार संघ पन्नास टक्क्यांच्या वर आहेत’ हा युक्तिवाद ऐकला तर समजावं, तळाशी कोणीतरी भरपूर मार खाल्लेला आहे.

त्यातच आठ सामने कोणाशी, हेही सगळीकडे सारखं नाही. आरएसईक्यूमध्ये प्रतिस्पर्धी चारच, त्यामुळे प्रत्येकाशी दोनदा. लावाल आणि मॉन्ट्रियल या दोन विद्यापीठांचे संघ सोडून तिसरा कोणताही संघ घ्या, त्याचे आठातले चार सामने या दोन राक्षसांशी असतात. ते चारही हरून उरलेले चार जिंकले तर हिशेब ४-४, आणि देशभरच्या साप्ताहिक क्रमवारीत त्याचं नाव बहुधा नसतं, कारण ती मतदानाने ठरते आणि मत देणारा आधी जय-पराजयाचा रकाना बघतो. उलट ओयूएमध्ये प्रतिस्पर्धी दहा आणि सामने आठ, म्हणजे दोघांशी गाठच पडत नाही. ते दोघे नेमके वरचे असतील तर ७-१ चा हिशेब थोडा फुगलेला असतो. कॅनडा वेस्टमध्ये पाच प्रतिस्पर्ध्यांपैकी तिघांशी दोनदा आणि दोघांशी एकदा, म्हणजे तिथेही ‘दोनदा कोणाशी’ हे विचारावं लागतं. ४-४ आणि ७-१ शेजारी ठेवून दुसरा संघ सरस म्हणणं ही सगळ्यात सोपी चूक आहे.

आता शिखराचा, म्हणजे विजेत्यांचा हिशेब. २०१० ते २०२४ या काळात व्हॅनिए कपचे १४ अंतिम सामने झाले (२०२० चा रद्द झाला). त्यातल्या १३ सामन्यांत क्युबेकचा संघ होता आणि ९ वेळा तो जिंकला. कॅनडा वेस्ट ८ वेळा अंतिम फेरीत पोचली आणि २ वेळा जिंकली: २०१५ ला यूबीसी (ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठ), २०१९ ला कॅलगरी. ओयूए ७ वेळा पोचून ३ वेळा जिंकली: २०११ ला मॅकमास्टर, २०१७ आणि २०२१ ला वेस्टर्न. अटलांटिकचा संघ या काळात एकदाही अंतिम फेरीत नाही. त्यांचा शेवटचा विजेता सेंट मेरीज, २००२ चा.

शिखराबद्दल वाद संपला म्हणायला हरकत नाही, पण दोन गोष्टी नजरेआड करू नयेत. एक म्हणजे जागा. क्युबेकच्या त्या ९ विजयांपैकी ४ घरच्या शहरात आले: लावालचे २०१०, २०१३ आणि २०१८ चे क्युबेक सिटीत, मॉन्ट्रियलचा २०१४ चा मॉन्ट्रियलमध्येच. अंतिम सामन्याचं ठिकाण आधी ठरतं आणि यजमान संघ तिथवर पोचला तर तो घरच्या गर्दीसमोर खेळतो. उरलेले पाच मात्र ऑन्टॅरिओत जिंकलेले आहेत, तेव्हा घरच्या मैदानाचा मुद्दा फार ताणताही येत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे फरक. २०१४ ला मॉन्ट्रियलने मॅकमास्टरला २०-१९ असं हरवलं. शेवटच्या मिनिटात मॅकमास्टरने विजयासाठी मारलेला फील्ड गोल (तीन गुणांसाठी लाथेने खांबांमधून मारायचा चेंडू) एका हाताने अडवला गेला. तो हात दोन इंच खाली राहिला असता तर आज ९ ऐवजी ८ आणि ३ ऐवजी ४ असं लिहावं लागलं असतं. चौदा सामन्यांच्या नमुन्यात एका बोटाचं वजन एवढं असतं.

उपांत्य सामन्यांच्या जोड्या क्रमवारीने लागत नाहीत, आधीच ठरलेल्या चक्राने लागतात. त्यामुळे ‘अंतिम फेरी किती वेळा गाठली’ या आकड्यात सोपी वाट आणि अवघड वाट मिसळलेली असते. २०१८, २०१९ आणि २०२४ ला क्युबेकच्या विजेत्याला उपांत्य फेरीत अटलांटिकचा संघ मिळाला. २०१६, २०२२ आणि २०२३ ला ओयूएचा. यातल्या दुसऱ्या प्रकारचे विजय अधिक सांगतात: लावालने २०२२ ला वेस्टर्नला २७-२० असं हरवलं, मॉन्ट्रियलने पुढच्या वर्षी त्याच वेस्टर्नला २९-३ असं.

अटलांटिकच्या बाबतीत आकडे वाचवत नाहीत. उपांत्य फेरीत २०१७ ला वेस्टर्न ८१, अकेडिया ३. २०१८ ला लावाल ६३, सेंट फ्रान्सिस झेवियर ०. २०१९ ला मॉन्ट्रियल ३८, अकेडिया ०. २०२१ ला वेस्टर्न ६१, सेंट फ्रान्सिस झेवियर ६. यातला ८१-३ मात्र जपून वापरावा. त्या वर्षी एका खेळाडूच्या पात्रतेवरून वाद पेटला, लोनी बोल आधी रद्द झाला, प्रकरण कोर्टात गेलं आणि सामना अखेर मंगळवारी, १४ नोव्हेंबरला झाला. अकेडियाने तो जादा वेळेत ४५-३८ असा जिंकला आणि शनिवारी वेस्टर्नसमोर उभी राहिली. मध्ये पूर्ण दिवस तीन. ज्या खेळात एरवी आठवडाभर अंग शेकत बसतात, तिथे तीन दिवसांत बचावफळी सावरत नाही. तो निकाल वगळला तरी कल तोच राहतो, पण दरी मोजताना तो धरला तर ती उगाच रुंद दिसते.

आता पठाराकडे, म्हणजे कॉन्फरन्सच्या खोलीकडे. याला थेट माप नाही, पण एक साधी युक्ती बरीच उपयोगी पडते: कॉन्फरन्सचा करंडक किती वेगवेगळ्या संघांनी उचलला ते मोजायचं. २००३ पासून २०२४ पर्यंत डन्समोर कपवर दोनच नावं आहेत, लावाल आणि मॉन्ट्रियल. उरलेल्या मॅकगिल, कॉन्कॉर्डिया, शेरब्रुक यांपैकी कोणीही नाही. २०१० ते २०२४ मध्ये येट्स कप चार संघांनी जिंकला: वेस्टर्न, मॅकमास्टर, ग्वेल्फ, लॉरिए. हार्डी कप २०१५ ते २०२४ या नऊ मोसमांतच चौघांकडे गेला: कॅलगरी, सस्कॅचवान, यूबीसी आणि २०२४ ला रेजायना. सहा संघांपैकी चार, आणि तेही नऊ मोसमांत. ओयूएमध्ये अकरापैकी चार. प्रमाणाने पाहिलं तर पश्चिम सगळ्यात समतोल.

पण समतोल म्हणजे ताकद नव्हे, इथेच दुसरी गल्लत होते. सगळे सारखेच साधारण असले तरी करंडक फिरतच राहतो. म्हणून हे माप एकटं वापरायचं नाही, त्याला बाहेरच्या निकालाचा आधार द्यायचा. कॅनडा वेस्टला तो मिळतो: कॅलगरी, यूबीसी आणि सस्कॅचवान अशा तीन वेगळ्या संघांनी अंतिम फेरी गाठली आणि २०२१ ला सस्कॅचवानने मॉन्ट्रियलला १४-१० असं हरवून क्युबेकला त्या काळात एकदाच बाहेर ठेवलं. पश्चिमेत जो कोणी वर येतो तो राष्ट्रीय पातळीला पुरतो. अंतिम सामन्यात क्युबेकसमोर मात्र सातपैकी पाच वेळा हरतो, हेही खरंच.

ओयूएचं चित्र विस्कटलेलं आहे, कारण ती फार मोठी आहे. वरचे तीन-चार संघ कुठेही खपतील. तळाशी काय असू शकतं हे टोरंटोने दाखवलं: २००१ ते २००८ मध्ये सलग ४९ पराभव. हेच टोरंटो १९६५ आणि १९९३ चा विजेता, म्हणजे नावावरून अंदाज बांधू नये हेही कळतं. एकाच कॉन्फरन्सच्या टोकांमध्ये एवढं अंतर असताना ‘ओयूएची सरासरी ताकद’ या शब्दांना फारसा अर्थ उरत नाही. वरचे चार आणि खालचे चार वेगळे मोजणं बरं.

क्युबेकचं शिखर एवढं उंच का, याची कारणं मैदानाबाहेर आहेत. तिथे शाळा अकरावीला संपते आणि विद्यापीठाआधी सेजेप नावाचं दोन किंवा तीन वर्षांचं कॉलेज असतं. त्या कॉलेजांचे स्वतःचे फुटबॉल संघ आहेत. त्यामुळे विद्यापीठात पहिलं पाऊल टाकणारा खेळाडू १९-२० वर्षांचा, अंगाने भरलेला आणि कॉलेज फुटबॉल खेळून आलेला असतो. ऑन्टॅरिओतला पोरगा बारावी करून १७-१८ व्या वर्षी येतो आणि पहिली एक-दोन वर्षं वजनं उचलण्यात घालवतो. पण सेजेपचा फायदा पाचही संघांना मिळतो आणि करंडक तर दोघेच नेतात. तिथे पैसा येतो. लावालचा ‘रूज ए ऑर’ नावाचा संघ १९९६ ला सुरू झाला आणि तीन वर्षांत, १९९९ ला, व्हॅनिए कप घेऊन गेला. खाजगी उद्योजकांचा पैसा, भरलेलं स्टेडियम, पूर्णवेळ प्रशिक्षक, ही घडी इतरांना अजून नीट बसवता आलेली नाही. सेजेप ही कॉन्फरन्सची ताकद, लावालचा पैसा ही लावालची ताकद. दोन्ही एकाच डब्यात टाकल्या की शेरब्रुकलाही उगाच लावालचं तेज चढतं.

पश्चिमेचा आधार वेगळा. तिथे ज्युनियर फुटबॉल २२ व्या वर्षापर्यंत चालतं, आणि सस्कटूनच्या हिलटॉप्ससारख्या संघांतून घडलेले खेळाडू विद्यापीठात येतात. काही मात्र तिथेच रमतात, म्हणजे तीच व्यवस्था खेळाडू पुरवते आणि अडवूनही ठेवते. त्यात व्हँकुव्हर ते विनिपेग हवाई अंतर सुमारे १,९०० किलोमीटर. मॉन्ट्रियलचे तीन संघ मात्र एकाच शहरात, मेट्रोने जाण्याच्या टप्प्यात.

हद्दीही बदलत असतात, म्हणून जुने आकडे जोडताना वर्ष बघावं. ओटावा आणि क्वीन्स २००० पर्यंत क्युबेकच्या संघांबरोबर खेळत, २००१ ला ऑन्टॅरिओत आले. बिशप्स विद्यापीठ क्युबेक प्रांतातच आहे, पण २०१७ पासून त्याचा फुटबॉल संघ अटलांटिकमध्ये खेळतो. २०२४ चा लोनी बोल त्यानेच जिंकला आणि उपांत्य फेरीत त्याची गाठ पडली ती लावालशी. नकाशावर दोन्ही संघ क्युबेकचे, पण तो पराभव मांडला गेला अटलांटिकच्या खात्यात.