यंत्र, रात्रपाळी आणि एक जुना समज

‘बायकांना यंत्रावरचे काम मुळातच जमत नाही, म्हणून कोल्हापूरजवळच्या शिरोलीतील फौंड्रीत (धातू वितळवून ओतकाम करणाऱ्या कारखान्यात) त्या फारशा दिसत नाहीत,’ असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो. निरीक्षण बरेचसे खरे असल्याने तो पटतोही. त्यातले कारण मात्र चुकीचे आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ६६ नुसार सकाळी ६ ते सायंकाळी ७ या वेळेबाहेर स्त्रियांना कारखान्यात कामावर ठेवण्यास सर्वसाधारणपणे मनाई होती; रात्रंदिवस चालणाऱ्या भट्टीला मात्र दिवसपाळी-रात्रपाळी आलटून-पालटून करणारा कामगार हवा असतो, त्यामुळे कसब पाहण्याआधीच निवड होऊन जाई. (हातांच्या कसबाचेच म्हणाल, तर कोल्हापुरी चपलेची बारीक वेणी घराघरांत कोण विणते, ते पाहावे.) खात्रीसाठी भरतीची जाहिरात वाचावी: ‘फक्त पुरुष’ असे छापलेले असेल, तर तेथे स्त्रियांची यंत्रावर चाचणी झालेलीच नसते.