कबंध

शिर तुटल्यावरही हालणारे, लढणारे धड. हा शब्द मुख्यतः युद्धवर्णनांत आणि पुराणकथांत येतो. बोलण्यात ‘मुंडकं उडालं तरी धड लढत होतं’ असे म्हणतात. तुटलेल्या शिरात भान उरते का, हा प्रश्न याच कल्पनेला लागून असल्याने त्याचाही विचार येथे केला आहे.

ऋग्वेदातील एका वरुणसूक्तात (५.८५) ‘कवन्ध’ शब्द आहे. वरुण तो खाली तोंड करून उपडा करतो, त्यामुळे तेथे पिंप किंवा बुधला असा अर्थ बहुतेक अभ्यासक घेतात. मेघ असाही अर्थ केला गेला आहे. ‘क’ म्हणजे पाणी, ते बांधून ठेवणारा, ही परंपरागत फोड मागाहून जुळवलेली वाटते. तोंड उडालेल्या बुधल्यासारखे धड, हा अर्थविस्तार अधिक पटण्याजोगा आहे. रामायणातल्या कबंध राक्षसाचे तोंड पोटात असणे याच्याशी जुळते.

सातारा भागात ही कल्पना मुरारबाजी देशपांडे यांच्या नावाशी जोडली जाते. जावळीच्या मोऱ्यांच्या पदरी असलेले मुरारबाजी पुढे शिवाजी महाराजांकडे आले आणि १६६५ मध्ये पुरंदरावर पडले. त्यांचे धड लढत राहिले, ही लोककथा. सभासद बखरीत मात्र दिलेरखानाच्या तिराने ते पडले एवढेच आहे, आणि तेच ग्राह्य धरावे. वाई तालुक्यात किकली येथील भैरवनाथ मंदिराच्या आवारात पुष्कळ वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकशिळा, आहेत. वीरगळाच्या रूढ मांडणीत खाली आडवा पडलेला वीर, मध्ये लढाई, वर अप्सरा आणि शेवटी शिवलिंगाची पूजा असते. लढणाऱ्या कबंधाला तीत जागा नाही. ती कथा तोंडी परंपरेतच वाढली असावी.

धडाच्या हालचालीचे कारण मज्जारज्जूत आहे. मान कापलेली कोंबडी पिंपात टाकली की आतून पत्र्यावर पंख आपटल्याचा आवाज काही वेळ येत राहतो. मज्जारज्जूतील चेतापेशी वरून हुकूम नसतानाही स्नायू हलवतात. त्यात जाणीव नसते.

शिराचा प्रश्न अधिक कठीण. फ्रान्समध्ये १७९२ पासून गिलोटिन हे शिरच्छेदाचे यंत्र वापरात आल्यावर वाद पेटला. १७९३ मध्ये क्रांतिनेता मारा याच्या खुनाबद्दल शिरच्छेद झालेल्या शार्लोत कोर्दे हिच्या तुटलेल्या शिराला थप्पड मारताच गाल लाल झाले, असे सांगितले गेले. त्यानंतर दोन वर्षांनी जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ झॉमरिंग यांनी शिरात वेदना उरते असे मत मांडले. फ्रेंच वैद्य काबानीस यांनी ते खोडले. १९०५ मध्ये ऑर्लेआँ येथे डॉ. बोरियो यांनी लांगिय या कैद्याच्या शिराला हाका मारल्या. पापण्या दोनदा उघडून नजर आपल्याकडे वळली, तिसऱ्या हाकेला काही झाले नाही. सारे २५ ते ३० सेकंदांत आटोपले, असे त्यांनी लिहिले. एकट्या निरीक्षकाच्या या नोंदीवर, उपकरणाची साक्ष नसताना, फार भार टाकता येत नाही.

मेंदू वजनाने शरीराच्या सुमारे २ टक्के, पण प्राणवायू सुमारे २० टक्के वापरतो. साठा जवळजवळ नसतो. १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील प्रयोगांत मानेभोवती पट्टा फुगवून रक्तप्रवाह थांबवल्यावर धडधाकट तरुणांचे भान सरासरी सात सेकंदांच्या आसपास हरपले. शिरच्छेदात रक्तदाब क्षणात कोसळतो, म्हणून अवधी याहून कमीच असावा. शिर कापलेल्या उंदरांच्या मेंदूतील विद्युत्‌लहरी नेदरलँड्‌समधील २०११ च्या प्रयोगात काही सेकंदांतच मावळल्या. सुमारे मिनिटभराने एक मोठी लहर दिसली. ती विचाराची नव्हे, पेशींच्या पटलांवरील विद्युत्‌भार एकदम ओसरल्याची खूण मानली जाते.