पद्मिनीचा गिअर का अडकायचा?

प्रीमियर पद्मिनी या जुन्या मोटारीचा गिअरबॉक्सच भिकार होता, असं आजही सर्रास ऐकू येतं. मला ते पटत नाही. त्या गिअरबॉक्सचं दुखणं कळायला १९५३ सालच्या इटलीपर्यंत मागे जावं लागतं.

फियाटने त्या वर्षी ११००-१०३ ही कुटुंबासाठीची गाडी आणली. पुढे सलग लांब सीट असायची. तिथे माणसं अडचण न होता बसावीत म्हणून गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर दिलेला. अमेरिकेत आणि युरोपात तेव्हा ही चालच होती. पुढे जायला चार गिअर. त्यातल्या वरच्या तिघांना सिंक्रोमेश, म्हणजे चालत्या गाडीत गिअर आवाज न करता बसावा म्हणून वेग जुळवून घेणारी सोय; पहिल्याला नाही. पहिला गिअर गाडी उभी असतानाच टाकायचा, हे गृहीतच होतं.

ही गाडी वालचंद समूहाच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात बनवली. पुढे 'डिलाइट' आली, १९७४ पासून पद्मिनी. इंजिन १०८९ सीसीचंच. इटलीत ११०० चं उत्पादन १९६९ मध्ये थांबलं, इथे मात्र तीच मूळ रचना नव्वदच्या दशकापर्यंत चालली. परवान्यांचं राज्य होतं, नंबर लागायला वर्षं जायची. गिऱ्हाईक रांगेत उभं असताना गिअरबॉक्स सुधारायची घाई कुणाला असणार?

आणि हा गिअरबॉक्स वाट्याला आला तो मुंबईच्या टॅक्सीवाल्यांच्या. दादरच्या गर्दीत गाडी रांगत असते, दुसऱ्या गिअरवर धक्के खाते आणि पहिला टाकावा तर कर्र आवाज. मुरलेला ड्रायव्हर डबल क्लच करायचा: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून अॅक्सिलरेटरला हलका झटका, पुन्हा क्लच आणि मग पहिला. दिवसभर हे कोण करणार? पहिल्या गिअरचे दात घासत गेले. सततच्या वापराने दुसऱ्याची सिंक्रो रिंगही झिजली, मग तोही आवाज करू लागला. काही गाड्यांत तर अॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की गिअर सुटायचा.

गिअर अडकण्याचं कारण मात्र बहुधा बॉक्सच्या बाहेरच असायचं. खांबावरच्या दांड्याची हालचाल सळ्या आणि सांध्यांमधून बॉक्सपर्यंत पोचते. एकेका सांध्यातला बुश (सळी ज्यात फिरते ती छोटी नळी) थोडाथोडा झिजतो आणि तो सगळा ढिलेपणा शेवटी एकत्र होतो. मग आधीचा गिअर पूर्ण सुटायच्या आत पुढचा टाकला जातो आणि दांडा जागच्या जागी आवळतो. बॉनेट उघडून खालच्या सळ्या हाताने न्यूट्रलला आणल्या की टॅक्सी पुन्हा चालू. मागे हॉर्नचा गोंगाट चालू असताना हे काम शांतपणे उरकणाऱ्या त्या ड्रायव्हरांबद्दल मला मनापासून आदर आहे.

अगदी अखेरीस आलेल्या एस-१ मॉडेलमध्ये दांडा खांबावरून खाली, जमिनीवर आला. तोवर बाजारात मारुती स्थिरावली होती.

आज कुणी जुनी पद्मिनी सांभाळत असेल आणि गिअर जड पडत असेल, तर बॉक्स उतरवण्याआधी बुश बदलून सळ्यांचं सेटिंग करून घ्यावं. क्लच पूर्ण सुटतोय का तेही पाहावं. पुष्कळदा काम तिथेच भागतं.